पाण्याकडून दिसणारा उजेड

फ्यूजकाकांना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं. आम्ही पुष्कळ वर्षं एकाच इमारतीत राहिलो. ते तळमजल्यावर, दुकानात आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत. आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. त्यांचा खोकला मला ओळखू यायचा, जिन्याशी चपला झटकण्याचा आवाजही. पण माणूस मूळचा कुठला, शाळेत कितीपर्यंत शिकला, बायको वारल्यावर पुन्हा लग्न का केलं नाही, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. मी विचारणाऱ्यांतला नाही आणि ते सांगणाऱ्यांतले नव्हते. त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

ते वारले त्याला आता वर्ष होत आलं. मागे एकदा त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "काका, बाबांबद्दल काहीतरी लिहून द्या ना. किनाऱ्यावर त्यांच्याबरोबर तुम्हीच होतात." मी म्हटलं, मला साधं पत्र नीट लिहिता येत नाही. "मग नीट लिहू नका," ती म्हणाली. बोलणं अगदी बापाचं. आमची बायको पलीकडे उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "लिहा की. नाही तरी दुपारभर पेपरातलं कोडं अर्धवट टाकून डुलक्याच घेता." तेव्हा जे समोर घडलं तेवढं लिहितो. आतलं काही मला ठाऊक नाही.

फ्यूजकाका लाइटवाले होते. लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, शाळेचा समारंभ असो, दिव्यांच्या माळा लावायच्या म्हटलं की आसपासचे लोक त्यांच्याकडे यायचे. नाव गल्लीतल्या मुलांनी ठेवलेलं; पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली आणि खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत राहिलं. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. खिळ्यांना वायरींची वेटोळी, बरण्यांत होल्डर, आणि एका कोपऱ्यात जळालेल्या बल्बांची खोकी रचून ठेवलेली. जळालेले कशाला ठेवता, असं बायकोनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, म्हातारं झालं म्हणून कुणी घराबाहेर काढतं का?"

"काढतात की," बायको म्हणाली. "फक्त आधी कानाशी धरून हलवून बघतात."

हे त्यांना इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस मी जिन्यात दिसलो की मला खांद्याला धरून हलवायचे आणि कान लावून म्हणायचे, "चालू आहे अजून."

रस्त्यानं चालताना त्यांची नजर वर, तारांकडे. त्यामुळे अधूनमधून कुणावर तरी आदळायचे, आणि ज्याच्यावर आदळले त्यालाच "वर बघून चालावं माणसानं" असं सुनवायचे. कामाला मात्र फार पक्के. त्यांची एक पद्धत मी पाहिली आहे. माळा, दिवे सगळं लावून झालं की मांडवात मधोमध उभे राहायचे, मग दाराशी, मग जिथे फोटो काढतात तिथे. पाहुणा जिथे जिथे उभा राहील तिथे तिथे उभं राहून दिवा डोळ्यांत जातो का ते बघायचे. "दिवा दिसला की काम कच्चं," म्हणायचे. "उजेड दिसायला पाहिजे. दिवा कुठे आहे ते कुणाला कळता कामा नये." पांढऱ्या कापडामागे एक साधा बल्ब अशा बेतानं ठेवायचे की सगळी भिंत आतून उजळल्यासारखी दिसायची. लोक बल्ब शोधत राहायचे आणि हे बाजूला सुपारी कातरत उभे.

आणि कुठलीही जागा अंधारात सोडायची नाही. काम संपलं, सगळं उतरवून नेलं, तरी एक दिवा जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवून यायचे. दुसऱ्या दिवशी तो आणायला पुन्हा हेलपाटा. का, ते मला माहीत नाही. एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले, "लोक दमलेले असतात. ठेच लागते." एवढंच.

घरात ते आणि मुलगी. मुलगी लहान असतानाच आई गेली, त्यामुळे पोर दुकानातच वाढली. अक्षरं गिरवायच्या आधी वायर सोलायला शिकली. शाळेतून आली की दप्तर खोक्यांवर टाकायची आणि जमिनीवर माळ पसरून कुठला दिवा गेलाय ते शोधत बसायची. दुकान पुढे तीच चालवणार हे फ्यूजकाकांनी मनात कधीच ठरवून टाकलेलं. पण पोर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली, आणि एका वर्षी कासवांवर काम करणाऱ्या संस्थेबरोबर कुठल्याशा लांबच्या किनाऱ्यावर गेली. समुद्री कासवं तिथे अंडी घालायला येतात, त्या अंड्यांची राखण करायची. एका मोसमापुरती म्हणून गेली ती उन्हानं काळी होऊन आली, कपडे धुऊन घेतले आणि पुढच्या मोसमाला परत गेली. मग तिसऱ्या.

त्यांचं भांडण आम्हाला वरून ऐकू आलं. त्यासाठी कान द्यावा लागला नाही.

"कासवं आपली आपण अंडी घालत आली आहेत," फ्यूजकाका म्हणत होते, "तू जन्मायच्या आधीपासून."

"दिवेपण लोक आपले आपण लावायचे, बाबा. तुम्ही दुकान काढायच्या आधीपासून."

त्यानंतर दोघं बोलेनासे झाले. ती आमच्याकडे फोन करायची, बायकोशी बोलायची. फ्यूजकाका त्याच वेळी नेमके दही नाहीतर खिळा मागायला वर यायचे आणि दारात उभे राहून सगळं ऐकून, दही न नेताच परत जायचे.

अशात डॉक्टरांनी त्यांना शिडीवर चढायला बंदी केली. हात थरथरायला लागला होता. त्याच सुमारास मुलीला संस्थेनं विचारलं, कायमची राहशील का? मोसम संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं. इकडे मागच्या गल्लीतला एक तरुण लाइटवाला दुकान घ्यायला तयार होता, तोही थांबायला तयार नव्हता. एका सकाळी फ्यूजकाका वर आले आणि चक्क खुर्चीवर बसले.

"शेजारी," म्हणाले, "चार दिवस माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

"पोरीकडे. तिनं वहिनींकडे निरोप दिलाय, आधी एक कासव बघा, मग काय ते बोलू. मला कासव बघायचं नाही. मला एकच विचारायचंय, परत येतेस का नाही. येते म्हणाली तर दुकान राहील. नाही म्हणाली तर त्या पोराला देऊन मोकळा."

"मग मी कशाला?"

"तुम्ही मध्ये बसायचं. तुम्ही असलात की आवाज चढत नाही. तुम्ही काही बोलत नाही ना, ते बरं पडतं."

मी बायकोकडे पाहिलं. ती आधीच माझी पिशवी शोधत होती. म्हणाली, "जा. तुम्हाला घराबाहेर काढायला कुणीतरी भेटलं."

दिवसभर बस, मग एका मालवाहू टेम्पोत पाठीमागे, आणि शेवटी वाळूतून पायी. फ्यूजकाकांच्या हातात कपड्यांची पिशवी लहान आणि हत्यारांची मोठी. मी विचारलं, बॅटरी कशाला घेतलीत? "कुठे काय लागेल सांगता येतं का?" म्हणाले.

किनारा लांबच लांब, रिकामा. एका अंगाला सुरूची झाडं, खालच्या फांद्या पार लोंबत आलेल्या, आणि त्यांच्या आडोशाला पाच-सहा पांढरे तंबू. एक स्वयंपाकाची खोपी, एक पाण्याची टाकी, टोकाला संडास. पलीकडे वाळूतच जाळीचं कुंपण घातलेलं, त्यात काढून आणलेली अंडी पुन्हा पुरून ठेवतात, म्हणजे कुत्री-कोल्ही खात नाहीत. आमच्याखेरीज बघायला आलेलं एक डॉक्टर जोडपं होतं. बाकी मुलगी आणि स्वयंपाकी.

मुलीनं बापाला पाहिलं, पिशवी घेतली, वजनानं वाकली. "यात काय आहे?"

"कपडे," फ्यूजकाका म्हणाले.

तिनं आम्हाला नियम सांगितले. अंधार पडला की पांढरा उजेड बंद. कासवीण पाण्यातून वर येते ती किनारा काळोखा आहे बघूनच. उजेड दिसला की बिचकते आणि माघारी वळते. टॉर्चला लाल कागद लावायचा, तोही जमिनीकडे धरायचा. ती आली तर मागे बसायचं, समोर जायचं नाही, बोलायचं नाही. माझ्या टॉर्चवर तिनं लाल कागद रबरबँडनं बसवून दिला. फ्यूजकाकांनी तो हातात घेऊन लावला, विझवला, परत लावला.

"हा उजेड आहे?" ते मला म्हणाले. "हा तर उजेडाचा ताप."

पहिल्या रात्री काही आलं नाही. बाप-लेकीत जेवताना एवढंच बोलणं झालं: "भाजी वाढू?" "थोडी." विचारायचं ते फ्यूजकाकांच्या ओठांवर येत होतं आणि घासाबरोबर खाली जात होतं. मी मध्ये बसलो होतो, सांगितल्याप्रमाणे. जेवण झाल्यावर मी संडासाकडे निघालो आणि तंबूच्या दोरीत पाय अडकून पालथा पडलो. फार लागलं नाही, गुडघा सोलवटला. पण फ्यूजकाकांनी तो गुडघा आपल्या लाल टॉर्चनं असा निरखून पाहिला की मलाच चोरट्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत कुठे दिसले नाहीत. अंधार पडल्यावर मी त्याच वाटेनं गेलो, तर दोरीपाशी, जमिनीलगत, एक इवलासा दिवा. तेलाचा डबा कापून त्याचं झाकण केलेलं, वायर वाळूखालून बॅटरीपर्यंत नेलेली. उजेड फक्त वाटेवर, परातीएवढा. काम इतकं सफाईदार की दोन पावलं बाजूला झालो तर दिवा आहे हे कळू नये.

"नियम?" मी म्हटलं.

"पाण्याकडून दिसत नाही. मी स्वतः जाऊन बघितलंय. पार लाटांपाशी उभा राहिलो, उजवीकडून, डावीकडून. काही नाही. तिला सांगू नका, उगाच वाद."

मी सांगितलं नाही. बोलत नाही म्हणूनच तर मला आणलं होतं.

सकाळी मुलीनं आम्हाला किनाऱ्यावर बोलावलं. वाळूत एक पट्टा उमटला होता, ट्रॅक्टरचं एकच चाक गेल्यासारखा. तो पाण्यातून सरळ वर आला होता, आणि अर्ध्या वाटेवर, सुक्या वाळूला लागायच्या आतच, वळून पुन्हा पाण्यात गेला होता. खड्डा नाही, काही नाही. वळण घेतलं त्या जागी वाळू थोडी विस्कटलेली, जशी माणूस दारात घुटमळल्यावर होते.

"या आठवड्यात ही पहिलीच होती," मुलगी म्हणाली. मग तिनं मागे वळून तंबूंकडे पाहिलं, चालत गेली, आणि थोड्या वेळानं हातात तेलाचा डबा घेऊन परत आली.

मला वाटलं, आता आवाज चढणार. मी उगाच दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"तो पाण्याकडून दिसत नाही," फ्यूजकाका म्हणाले. "मी बघून घेतलंय."

"कसं बघितलंत?"

"तिथे पाण्यापाशी उभं राहून."

"उभं राहून," ती म्हणाली. तिनं डबा त्यांच्या हातात दिला. "संध्याकाळी होता तसाच परत लावा. मला दाखवायचंय."

त्यांची शिव्या खायची तयारी होती, याची नव्हती. दिवसभर ते कुंपणाच्या सावलीत बसून राहिले. मध्येच उठून तिच्याकडे जायचे.

"तिच्या पोटात अंडी होती ना? मग आता काय करेल ती?"

"दुसरीकडे जाईल. नाही तर पाण्यातच टाकून देईल. नाही तर परत येईल."

"परत कधी?"

"आज. उद्या. किंवा नाहीच."

थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारायचे, जणू उत्तर बदललं असेल. दुकानाचा विषय त्यांनी दिवसभर काढला नाही.

अंधारताना त्यांनी दिवा लावला, आणि मुलगी आम्हा दोघांना पाण्यापाशी घेऊन गेली. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. आम्ही तंबूंकडे पाहिलं. सुरूच्या काळ्या फांद्या, बाकी काही नाही.

"दिसतंय काही?" फ्यूजकाकांनी मला विचारलं.

"नाही बुवा."

"बघ," ते तिला म्हणाले.

"आता पोटावर झोपा."

"काय?"

"पोटावर झोपा, बाबा. तोंड तिकडे. कासव उभं राहून येत नाही."

त्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. मुलीला विचारायला जायचं म्हणून खास आणलेला, आणि तो प्रश्न अजून राहिलाच होता म्हणून रोज संध्याकाळी घातलेला. ते आधी गुडघ्यावर बसले, मग हात टेकले, मग कण्हत आडवे झाले. ती माझ्याकडे पाहायला लागली, तेव्हा मीही झोपलो. या वयात ओल्या वाळूवर पालथं पडणं काय असतं ते माझ्या कमरेला विचारा.

हनुवटी वाळूला लागली आणि दिसलं. लोंबणाऱ्या फांद्यांच्या खालून, खोडांच्या मधल्या फटीतून, आमचा तंबू. दिवा दिसत नव्हता, तो डब्याआड नीट लपलेला होता. पण वाटेवरचा परातीएवढा उजेड वर उसळून तंबूच्या पांढऱ्या कापडावर पडला होता आणि ते सगळं कापड आतून पेटल्यासारखं झालं होतं. उभ्या माणसाला ते फांद्या झाकत होत्या. त्या काळ्याभोर किनाऱ्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं.

फ्यूजकाका बराच वेळ बघत राहिले. लाट येऊन त्यांच्या पायांखालून गेली तरी हलले नाहीत.

"पांढरं कापड," शेवटी म्हणाले. "जन्मभर तेच केलं मी."

मुलगी त्यांच्याशेजारी उकिडवी बसली.

"अख्खा मांडव उजळला आहे की हो, शेजारी."

"हो," मी म्हटलं.

"किती छोटा दिवा आहे तो." मग उठायला लागले. त्यांना एकट्यानं उठता येईना. तिनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पुढचा सगळा शर्ट वाळूनं भरला होता. तो झटकायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. तरातरा गेले आणि वायरच उपटून काढली.

त्यानंतर जे सुरू झालं त्यानं छावणीतले सगळे हैराण झाले. फ्यूजकाका पाण्याच्या कडेनं थोडं थोडं सरकत पालथे पडायचे आणि तिथून ओरडायचे. "स्वयंपाकघर! खालच्या फटीतून लाल दिसतंय."

"अहो काका, चूल आहे ती," स्वयंपाकी म्हणाला. "तिला काय बटण असतं?"

फ्यूजकाकांनी गोणपाट ओलं करून फटीवर टांगलं. मग टाकीच्या नळाची चकाकी दिसली, तिच्यावर माझा टॉवेल गुंडाळला. डॉक्टरीणबाईंच्या मनगटावरचं घड्याळ उजळायचं.

"बाई, घड्याळ खिशात ठेवा."

"मग वेळ कशी कळणार?"

"वेळ कळून काय करणार? गाडी पकडायचीय?"

त्यांचे यजमान हसले, तर त्यांना सांगितलं की तुमचं टक्कलही चंद्राला दाखवू नका, टोपी घाला. ते बिचारे खरंच टोपी घालून आले. मुलगी दूर वाळूवर बसून हे पाहत होती. अंधार असल्यामुळे ती हसत होती की कसं ते मला सांगता येणार नाही. पण तिनं त्यांना एकदाही थांबवलं नाही.

आमची जेवणं झाली, भांडी घासून झाली आणि कासवीण आली.

मी काही फार मोठं वर्णन करू शकणार नाही. आधी वाळूवर एखादा दगड आहे असं वाटलं, मग तो दगड थोडा वर सरकलेला दिसला. मध्येच थांबायची, उसासा टाकायची, बाई जिना चढताना टाकते तसा, आणि पुन्हा निघायची. आदल्या रात्री वळली होती तिथपर्यंत आली आणि थांबली. फ्यूजकाकांनी माझं मनगट धरलं. मी त्या वेळी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांची पकड अजून आठवते. ही तीच का, ते मी नंतर मुलीला विचारलं. सांगता येत नाही, असं ती म्हणाली. फ्यूजकाकांना मात्र विचारायची गरज नव्हती.

"कळलं का तिला, बंद केलाय ते?" ते पुटपुटले.

"बाबा, बोलू नका."

कासवीण पुढे निघाली.

तिनं मागच्या पायांनी खड्डा काढला, वाटीनं उकरावा तसा, एकदा डावा पाय, एकदा उजवा. अंडी घालून झाल्यावर वाळू लोटली आणि सगळ्या अंगानं डोलत, पोट आपटून आपटून ती वाळू ठोकून बसवली. तो धपधप आवाज आमच्या बसल्या जागी मांड्यांना जाणवत होता. मग मागे एकदाही न बघता पाण्याकडे गेली.

ती गेल्यावर मुलगी खड्ड्यापाशी पालथी झाली, वरची वाळू उकरली आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. टॉर्च विझवलेला. गाल वाळूला टेकलेला, डोळे मिटलेले, आणि आत बोटं काहीतरी चाचपत होती. एकेक अंडं चिमटीत धरून, न वळवता वर आणत होती आणि शेजारच्या टोपलीत ठेवत होती. फ्यूजकाका माझ्या पुढे जाऊन तिच्याजवळ उकिडवे बसले. ते कासवाकडे पाहत होते तेव्हासुद्धा इतके पुढे झुकले नव्हते.

"टोपली धरू?"

"धरा. हिसका द्यायचा नाही, उलटंपालटं होऊ द्यायचं नाही."

"मला सांगू नकोस. आयुष्यभर बल्ब वाहिलेत."

टोपली कुंपणापर्यंत त्यांनीच नेली. मान खाली घालून, पावलापुरतं बघत. त्यांना असं चालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार होतो. खोपीबाहेर चहा घेत बसलो. एका बाजूला ते, एका बाजूला ती, मध्ये मी. शर्ट धुऊन सुरूच्या फांदीवर टाकला होता, ते बनियनवरच होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी विचारायला आला होतात."

त्यांनी चहावर फुंकर घातली. "हो. तुझ्या त्या कुंपणाचे दोन खांब कलले आहेत. बघायला कुणी आहे का?"

"नाही."

"मग दुसरं कुणी येईपर्यंत दगड तरी लाव."

"बाबा, दुकानाचं."

"दुकानाचं काय." त्यांनी कप वाळूत टेकवला. "खड्ड्यात हात घालून तू न बघता काम करत होतीस. मी जंक्शन बॉक्समध्ये हात घालतो तसा. तसं काम करणाऱ्याला दुसरीकडे बोलवायचं नसतं. मला कुणी बोलावलं असतं तर मी गेलो असतो?"

"नसता गेलात."

"मग झालं."

तिनं कप खाली ठेवला, उगाच त्याचा कान फिरवत राहिली. "मी त्यांना हो कळवू?"

"मला काय विचारतेस? माझा चहा गार झाला," फ्यूजकाका म्हणाले. तिनं त्यांचा कप उचलला आणि आत जाऊन गरम करून आणला. माझाही गार झाला होता, पण मी बोललो नाही.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. एका थांब्यावर म्हणाले, "देऊन टाकतो दुकान." आणि बस सुटून बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "वाईट वाटतं हो."

मी हो म्हणालो.

दुकान त्या मागच्या गल्लीतल्या पोराला दिलं. आवरायला महिना गेला. खोकी उघडायची, बघायची, बंद करायची. पुढचा मोसम यायच्या आधी ते मुलीकडे राहायला जायला निघाले. तिथे ते रोज दिवेलागणीला पाण्याच्या कडेला पालथे पडून तंबू तपासायचे, येणाऱ्यांना घड्याळं आणि टकलं झाकायला लावायचे, आणि एका मोसमाच्या अखेरीस झोपेतच गेले, असं मुलीनं सांगितलं. त्यातलं मी काही पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

मी पाहिलं ते बसस्टँडवर सोडायला गेलो तेवढंच. त्यांनी खिडकीजवळची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली तरी हलेना. कंडक्टर खाली कुणाशी तरी बोलत उभा होता. मी खिडकीखाली उभा राहून चाकाकडे बघत होतो.

"शेजारी," ते वरून म्हणाले, "त्या पोराला सांगा, शटरला तेल घालायचं. उजव्या बाजूला अडकतं."

"सांगतो."

"विसराल तुम्ही."

"नाही विसरत."

"आणि जोर लावू नको म्हणावं. हलकेच वर उचलून मग ढकलायचं."

"बरं," मी म्हटलं.